बगीच्यात चालू, घरी बंद

पांढुर्ण्यात आम्ही राहत होतो त्या गल्लीत पहिली मोटार आली ती जयवंतावहिनींची. त्यांची म्हणते, कारण ती घ्यायची हे त्यांनी ठरवलं, चालवायच्या त्या आणि कागदावर नावही त्यांचंच होतं. त्यांचे यजमान केशवराव घाटोडे यांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. त्यांच्या आणि आमच्या अंगणात छातीएवढी भिंत. मी मुलींच्या शाळेत शिकवत असे, आणि शाळेतून आले की भिंतीपाशी वहिनींशी दोन शब्द बोलल्याशिवाय माझा दिवस सरत नसे.

ही चौऱ्यांशी-पंच्याऐंशीची गोष्ट. वहिनी तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास होत्या. माहेर सौंसरकडचं, शेतकऱ्याचं. बापूजींना, म्हणजे त्यांच्या वडिलांना, दुसरं मूल नव्हतं, त्यामुळे ते गेल्यावर सौंसरच्या अलीकडचा संत्र्याचा बगीचा वहिनींकडे आला. आता जावई बघेल असं सगळे धरून चालले होते. केशवरावांना झाडातलं काही कळत नव्हतं आणि तसं ते मोकळेपणानं सांगतही असत. म्हणून बगीचा वहिनींनीच हातात घेतला. कोणत्या झाडाला डिंक्या रोग लागला, बहार कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचा, पाण्याची मोटर आज वेगळी का वाजते, सगळं त्यांना कळायचं. नुसत्या आवाजावरून त्या मोटरीचं दुखणं सांगायच्या.

अडचण होती ती जाण्यायेण्याची. सौंसरची बस पकडून फाट्यावर उतरायचं, तिथून पायी. वहिनी पोचेपर्यंत कामाच्या बाया झाडाखाली बसून गप्पा मारत असायच्या. मग त्यांनी नागपूरच्या एका वकिलाची जुनी फियाट घेतली. चालवायला शिकल्या त्या बगीच्यातच, तिथल्या ट्रॅक्टरवाल्याकडून. केशवरावही शिकले, पण त्यांची गाडी कायम दुसऱ्या गियरमध्ये चाललेली असायची. कोणी समोरून आलं की ते थांबायचे आणि त्याला जाऊ द्यायचे. वहिनी मात्र सकाळी सहाला गल्लीतून निघाल्या की आम्हाला घड्याळ बघावं लागत नसे.

दोन वर्षं असं सुरळीत चाललं. त्या साली पावसाळ्यानंतर ब्रेकचं काम निघालं, म्हणून केशवराव दुकान बंद ठेवून स्वतः गाडी नागपूरला घेऊन गेले आणि संध्याकाळी घेऊनही आले. ब्रेक छान झाले होते. वहिनींनी मला बसवून सावरगावच्या पुलापर्यंत एक चक्कर मारून आणली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी चालू होईना.

थंडीला सुरुवात झाली होती. बगीच्यात संत्र्यांची तोड सुरू होती, बाया यायच्या होत्या. वहिनींनी चावी फिरवली, लाल दिवा लागला, सेल्फ घर्रघर्र फिरला, पण इंजिन काही उचलेना. त्यांनी चोक ओढला, आत ढकलला, परत ओढला. पेट्रोलचा वास आमच्या अंगणापर्यंत आला. शेवटी त्यांनी केशवरावांना हाक मारली. केशवराव शाल गुंडाळून बाहेर आले. वहिनी उतरल्या, ते बसले. उंच माणूस, म्हणून त्यांनी आधी वाकून सीट मागे सरकवली. जरा वेळ तसेच बसून राहिले. मग चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि चालू झाली.

"पेट्रोल चढलं होतं," ते म्हणाले. "चोक जास्त ओढला तू."

वहिनींना ते पटलं. पहिल्या थंडीत असं होतं.

पण मग ते रोजचंच झालं. वहिनी चोकला हात न लावता बघायच्या, अर्धा ओढून बघायच्या, नुसती चावी फिरवून श्वास धरून बसायच्या. सेल्फ फिरायचा, इंजिन मेल्यासारखं पडून राहायचं. केशवराव यायचे, सीट सरकवायचे, जरा थांबायचे आणि गाडी चालू करून द्यायचे. गल्लीतल्या लोकांना विषय मिळाला. कोणी म्हणालं, यंत्र माणसाचा हात ओळखतं. कोणी म्हणालं, बाईमाणूस आहे, पायाचा जोर कमी पडत असेल. वहिनींनी तेही करून बघितलं. जड चपला घालून बसल्या. काही फरक पडला नाही.

एकदा भिंतीपाशी त्या मला म्हणाल्या, "एक गोष्ट मले समजून नाही राहिली. बगीच्यात हीच गाडी दिवसभर उन्हात उभी राहते, धूळ खाते. संध्याकाळी मी एकटी बसते अन् पहिल्या चावीत चालू होते. घरी ताडपत्रीखाली ठेवतो तर सकाळी मरून पडते. गाडी तीच, मी तीच. मग फरक कशात हाय?"

मी म्हटलं, थंडीमुळे असेल. त्या म्हणाल्या की दुपारी तीनला पण करून बघितली, घरी नाहीच झाली.

स्टेशनच्या रस्त्यावर अनिल मिस्त्रीचं गॅरेज होतं. वहिनींनी त्याला बोलावलं. तो येईपर्यंत केशवरावांनी गाडी चालू करून ठेवली होती, त्यामुळे त्याला ती चालूच दिसली. त्यानं कान देऊन ऐकलं, बंद करून परत चालू केली, दहा वेळा चालू केली. दहाही वेळा झाली. तरी वहिनींच्या समाधानासाठी त्यानं प्लग बदलले. पुढच्या वेळी पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. त्याच्या पुढच्या वेळी कार्बोरेटर उघडून अंगणात धोतराच्या फडक्यावर मांडला आणि एकेक नळी फुंकून साफ केली. बॉनेटखाली अंधार होता म्हणून केशवराव टॉर्च धरून त्याच्याशेजारी उभे राहिले होते. मी भिंतीवरून चहा दिला तो त्यांनी डाव्या हातात घेतला, उजव्या हातातली टॉर्च हलू दिली नाही. मिस्त्री म्हणाला की आता यापुढे इंजिनच खोलावं लागेल. वहिनी नको म्हणाल्या.

त्यानंतर त्या गप्प होत गेल्या. केशवरावांना रोज पहाटे उठवायचं त्यांना बरं वाटेना. ते बिचारे कुरकुर न करता उठायचे, पण त्यांची झोप मोडते याचा वहिनींना संकोच व्हायचा. जवळजवळ रोज जायच्या तिथं आठवड्यातून एकदा जाऊ लागल्या, तेही कधी बसनं. बाया उशिरा हात चालवू लागल्या. एका व्यापाऱ्यानं त्या नसताना कच्चा माल तोडून नेला.

एका संध्याकाळी त्यांनी मला घरात बोलावलं. केशवराव दुकानात होते. वहिनी मला म्हणाल्या की वरणात आज दोनदा मीठ पडलं. बगीच्यातल्या खोलीची किल्ली त्या घरी विसरून गेल्या. त्यांची आई शेवटची काही वर्षं स्वतःच्या घरात वाट चुकायची, स्वयंपाकघरात जायला निघायची आणि गोठ्यात जाऊन उभी राहायची, हे मला ठाऊक होतं. वहिनींनीच मागे कधी सांगितलं होतं.

"सुरुवात अशीच झाली होती तिची," त्या म्हणाल्या. "हाताची सवय आधी गेली. आयुष्यभर केलेल्या भाकरी तिला थापता नाही यायच्या. मी पण काहीतरी चुकून राहिली, अन् काय चुकते ते मलेच दिसून नाही राहिलं."

मी त्यांना समजावलं, मीठ तर माझ्याकडूनही दोनदा पडतं. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष स्वतःच्या हातांकडे होतं. पुढच्या आठवड्यात त्या केशवरावांबरोबर डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, जीभ बघितली, चार प्रश्न विचारले आणि ताकदीचं औषध लिहून दिलं. विश्रांती घ्या म्हणाले.

आणि मग चमत्कार झाल्यासारखी गाडी चालू व्हायला लागली. पहिल्या दिवशी वहिनींनी सहज म्हणून चावी फिरवली आणि इंजिन असं चटकन उचललं की त्या दचकल्या. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सगळा आठवडा तसंच. वहिनींच्या चालण्यात फरक पडला. सहाला पुन्हा गल्लीत गाडीचा आवाज येऊ लागला. माझ्याकडे त्यांनी पिशवीभर संत्री आणून टाकली आणि औषध लागू पडलं असं हसत म्हणाल्या. सौंसरहून त्यांची नणंद सरला आली होती. तिनं चाकाखाली लिंबू ठेवून दृष्ट काढली होती, आणि तिला वाटत होतं की गुण लिंबाचा आहे.

आठवड्यानंतर गाडी पुन्हा बंद. सेल्फ फिरतो, लाल दिवा लागतो, इंजिन मेलेलं. केशवराव आले, सीट सरकवली, गाडी चालू.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हापेक्षा या वेळी वहिनी जास्त हादरल्या. मधे बरी झाल्यामुळे त्यांना कुठे धरावं ते कळेना. गाडीत दोष असता तर तो असा सुट्टीवर गेला नसता. त्या मला म्हणाल्या की आता गाडीकडे बघायचीच भीती वाटते, कारण ती आपली परीक्षा घेतल्यासारखी उभी असते.

जानेवारीत केशवराव नात्यातल्या लग्नासाठी बैतूलला गेले. वहिनींना बरोबर जाता येत नव्हतं, मालाचा ट्रक भरायचा होता. तो त्यांनी दुपारी बोलावला होता, म्हणून बसनं जाऊन चालण्यासारखं होतं. पण रविवारी सकाळी बगीच्यातून निरोप आला की ट्रक आत्ताच येऊन उभा आहे. त्यांनी गाडी चालू करून बघितली. अर्थातच झाली नाही. घरात केशवराव नव्हते. त्यांनी अनिल मिस्त्रीला बोलावून आणलं. मला सुट्टी होती, मी भिंतीपाशीच होते.

मिस्त्रीनं चावी फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन उठलं नाही. त्यानं परत फिरवली. मग तो खाली उतरला आणि चक्क खूश झाल्यासारखा म्हणाला, "वहिनी, ही आज पहिल्यांदा मले बिमार असताना भेटली. आजपर्यंत मी आलो की चंगीच राहायची."

वहिनी तिथल्या तिथे थबकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी नीट सांगू शकत नाही. सगळ्यात आधी सुटका होती असं मला वाटतं. मिस्त्रीच्या हातानंही गाडी होत नव्हती. म्हणजे हात त्यांचा खराब नव्हता.

मिस्त्रीनं तार जोडलेला छोटा दिवा काढला आणि चावी चालू ठेवून एकेक जागा तपासू लागला. वहिनींना त्यानं दिवा धरायला दिला. बॅटरीवर दिवा लागला, चावीच्या मागेही लागला, पण कॉइलवर लागला नाही. त्यानं दोनदा बघितलं. चावीपासून निघालेला करंट कॉइलपर्यंत पोचतच नव्हता, मधेच कुठेतरी तुटत होता. लाल दिव्याचा रस्ता वेगळा, म्हणून तो लागायचा. सेल्फचाही वेगळा, म्हणून तो फिरायचा. मिस्त्री डॅशबोर्डखाली उताणा झोपला. बाकीच्या तारा कापड गुंडाळलेल्या, काळवंडलेल्या होत्या. त्यांत एक निळी प्लॅस्टिकची तार होती. ती खाली उतरून पायातल्या रबरी चटईखाली शिरली होती. चटई उचलून तो तिच्या मागे मागे गेला. सीट सरकवायचा दांडा होता त्याच्या अगदी शेजारी, सीटच्या खालच्या कडेला, रेडिओला असतं तसं एक बारीक बटण होतं. त्यानं ते खाली केलं, थोडं थांबून चावी फिरवली. इंजिन दुसऱ्या झटक्यात चालू झालं.

"चोर स्विच हाय हे," मिस्त्री म्हणाला. "बंद केलं की कितीही चावी फिरवा, गाडी उठत नाही. ठाऊक असेल त्यालेच चालू करता येते."

वहिनी म्हणाल्या की वकिलानं लावलं असेल आणि विकताना सांगायचं विसरला असेल. मिस्त्रीनं तारेवरची काळी टेप बोटानं पुसून बघितली. तिच्यावर धूळ नव्हती. हे काम एवढ्यातलं आहे, ब्रेक झाले त्या सुमाराचं, असं तो बोलून गेला, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोलतोय. तो एकदम पान्हे गोळा करायला लागला. मी आमच्या तुळशीकडे बघत उभी राहिले.

वहिनी ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. खाली हात घालून त्यांनी बटण वर केलं, इंजिन बंद पडलं. खाली केलं, चावी फिरवली, चालू झालं. असं त्यांनी तीन-चारदा केलं. मग मिस्त्रीला म्हणाल्या, "चटई होती तशी टाकून दे. कोणाले काही सांगू नको." माझ्याकडे त्यांनी नुसतं बघितलं. ट्रक थांबला होता, त्या निघून गेल्या.

त्या वाटेवर त्यांच्या मनात काय काय आलं ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. राग आला नव्हता असं त्या म्हणाल्या. राग यायला गोष्ट आधी समजावी लागते. केशवरावांनी चोरांच्या धाकानं स्विच बसवलं, इथपर्यंत ठीक होतं. त्या उन्हाळ्यात स्टेशनजवळून एका ठेकेदाराची जीप चोरीला गेली होती, आणि ताडपत्री टाकायला रात्री तेच जात, तेव्हाच बटण बंद करत असणार. पण मग सांगितलं का नाही? विसरले असतील. रोज सकाळी स्वतः वाकून चालू करणारा माणूस कसा विसरेल? आपण गाडी चालवणं त्यांना आवडत नसेल का? पण सीटची कव्हरं तर त्यांनीच दुकानातून निवडून शिवून घेतली होती, गल्लीत कोणी टोमणा मारला तर तेच उत्तर द्यायचे. आपल्याला छळायचं म्हणावं, तर इतक्या वर्षांत त्यांनी घरात वरचा आवाज काढलेला नव्हता. प्रत्येक विचार थोडा पुढे जायचा आणि त्या टॉर्चपाशी येऊन अडायचा. मिस्त्री एकेक वस्तू बदलत होता आणि हा माणूस शेजारी उजेड धरून उभा होता.

केशवराव परत आले त्या संध्याकाळी वहिनींनी बटण वर करून ठेवलं आणि काही बोलल्या नाहीत. सकाळी चावी फिरवली, सेल्फ फिरवला, हाक मारली. या वेळी त्या बॉनेटकडे बघत नव्हत्या. केशवराव आले, वाकले, सीट सरकवली. आता वहिनींना बटणाकडे गेलेलं त्यांचं बोट दिसलं. पण त्यापेक्षा त्यांनी केशवरावांचं तोंड बघितलं. गाडी चालू झाली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. ते उतरले, खांद्यावरच्या पंच्यानं काचेवरचं दव पुसलं, सावकाश जा म्हणाले आणि गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत उभे राहिले. वहिनींनी आरशात बघितलं. ते रोजच असे उभे राहत असणार. त्यांनी कधी आरशात बघितलं नव्हतं.

पुढे काही दिवस त्यांनी असंच चालू ठेवलं. हे खोटं वागणं आहे हे त्यांना कळत होतं, पण त्यांना त्या चेहऱ्याचा अर्थ लावायचा होता, आणि तो लागत नव्हता. एवढा आनंद कशाचा?

मग एका सकाळी केशवराव बाहेर आले तेव्हा वहिनी शेजारच्या सीटवर बसलेल्या होत्या. आज तुम्हीच चालू करा, म्हणाल्या. केशवराव बसले आणि सवयीनं वाकले. दांड्याशेजारी त्यांच्या बोटांना वहिनींचा हात लागला. तो आधीच तिथं होता.

केशवराव वाकलेलेच राहिले. बऱ्याच वेळानं सरळ झाले आणि समोर बघत बसले.

"चोरासाठी लावलं ते समजलं मले," वहिनी म्हणाल्या. "माझ्यासाठी काहून बंद ठेवलं, ते सांगा."

अंगणात बोलायची केशवरावांची तयारी नव्हती. वहिनींनी जागा बदलून घेतली, गाडी काढली आणि त्या दिवशी दुकान उघडलं नाही. बाजार मागे पडला, दोन्ही बाजूंनी कापसाची वेचलेली शेतं सुरू झाली, तेव्हा केशवराव बोलायला लागले. स्विच बसवणाऱ्या नागपूरच्या कारागिरानं सांगितलं होतं की याचं कोणाजवळ बोलू नका, घरातल्या माणसांच्या तोंडूनच बाहेर जातं. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की जयवंताला सकाळी निघताना सांगू. पण सकाळी त्यांच्याआधीच ती गाडीत जाऊन बसली होती.

"तू हाक मारली," केशवराव म्हणाले. "गाडी चालू झाली तर तू म्हणाली, बरं झालं तुम्ही होते. मी म्हटलं, उद्या सांगीन."

वहिनींना ते वाक्य आठवेना. बोलल्या असतील.

"बगीचा तू पाहते. पोरीचं लग्न तूच जमवलं, काटोलला जाऊन सगळं तूच ठरवून आली. दुकानातला माल पण तू सांगते तोच खपते. मी नाही म्हणत नाही, चांगलंच हाय. पण मले कोणी कशासाठी हाक मारून नव्हतं राहिलं."

वहिनींनी मिस्त्रीचं विचारलं. ते म्हणाले की तेव्हा सांगायचं होतं, पण एक प्लग बदलून झाला होता, मग चारही झाले, मग सांगायला तोंड राहिलं नाही.

"अन् मी डॉक्टरकडे गेली तेव्हा?"

ते म्हणाले, "त्याच्यानंतर आठवडाभर मी स्विचले हात लावला नाही. म्हटलं, विषयच संपून जाऊ दे."

"मग परत काहून लावला?"

"त्या आठवड्यात तू एकदा पण घराकडे वळून नाही पाहिलं."

वहिनींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तिगावकडून आगगाडी जाण्याचा आवाज लांबून येत होता, मालगाडी असावी, कारण तो बराच वेळ चालला. त्या म्हणाल्या, "मले वाटून राहिलं होतं मी आईसारखी होऊन जाईन. तुम्हाले दिसत होतं का?"

"दिसत होतं."

त्यापुढे केशवरावांनी काही जोडलं नाही. माफी मागितली नाही, कारण सांगितलं नाही. वहिनी म्हणायच्या की त्या वेळी ते आणखी काही बोलले असते तर त्यांना उतरवून दिलं असतं. थोड्या वेळानं त्यांनी गाडी परत रस्त्यावर घेतली.

तो दिवस केशवराव बगीच्यातच होते. कोणी काही सांगितलं नाही, तरी त्यांनी पेट्यांत गवत भरायला घेतलं आणि बायांनी त्यांचं भरलेलं परत उपसून नीट भरलं. दुसऱ्या दिवशी ते एकटेच अनिल मिस्त्रीच्या गॅरेजवर गेले आणि त्याला सांगितलं की टॉर्च धरली तेव्हा मला माहीत होतं. मिस्त्रीनं मला हे नंतर सांगितलं. तो म्हणाला, मी त्यायले चहा पाजला.

घर मोडलं नाही. स्विच गाडीत तसंच राहिलं, चोर काही संपले नव्हते. ते बंद-चालू वहिनीच करायच्या. काही दिवस वहिनींनी मुद्दाम केशवरावांना हाका मारून बघितल्या, विजेचं बिल वाचून दाखवा, डब्याचं झाकण उघडून द्या. ते यायचे, करून द्यायचे, पण दोघांनाही ते नाटक वाटायला लागलं आणि आपोआप थांबलं. केशवराव मात्र पहाटे उठतच राहिले. वहिनी निघायच्या आधी चहा करायचे. तो गोड फार व्हायचा. वहिनी पिऊन जायच्या.

मीठ, किल्ली, विसरणं, यातलं काहीच पुढे वाढलं नाही. पण वहिनींनी स्वतःला तपासणं सोडलं नाही. बोलता बोलता एखादं नाव आठवलं नाही की त्या मधेच थांबायच्या आणि ते आठवेपर्यंत पुढचं बोलायच्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात बगीच्यातली पाण्याची मोटर बंद पडली. वीज होती, बटण दाबलं तर आवाजही नाही. झाडं तहानलेली, ऊन असं की पानं वळायला लागलेली. आणि वहिनींच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी की ह्यांनी काही केलं असेल का. केशवराव तेव्हा पांढुर्ण्यात दुकानात बसलेले होते, बगीच्यात महिनाभर आले नव्हते. वहिनींनी मला सांगितलं की त्या विचाराचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या मोटरीपाशीच ओट्यावर बसून राहिल्या. गड्यानं पेटी उघडली. आतली तार उंदरानं कुरतडलेली होती.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी केशवरावांना मोटरीचं सांगितलं, उंदराचं सांगितलं. मनात आलेलं सांगितलं नाही. केशवरावांनी विचारलं की नवीन तार आणून देऊ का. हो, आणा, असं त्या म्हणाल्या.